ग्रीन कार्डच्या कागदपत्रांतील चुका आणि विलंब: काय तपासावे, कोणाकडे जावे, किती थांबावे

अमेरिकेत कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्या मराठी कुटुंबांपुढे अडचण उभी राहिली की कंपनीच्या वकिलाला ईमेल जातो, व्हॉट्सअ‍ॅप गटावर प्रश्न विचारला जातो आणि मग उत्तराची वाट पाहण्यात आठवडे जातात. वकिलाला कळवणे आवश्यकच आहे, परंतु त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असावीत. चूक असेल तर ती कोणाकडून झाली: आपल्याकडून, वकिलाकडून, भारतातील जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून, की यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन कार्यालयाकडून? आणि विलंब असेल तर तो व्हिसा क्रमांकांच्या रांगेमुळे आहे की आपली फाइल एखाद्या कार्यालयात अडकल्यामुळे? पुढे कोणता फॉर्म भरायचा, शुल्क लागणार की नाही, कोणत्या कार्यालयाकडे दाद मागायची, हे सर्व या उत्तरांवर अवलंबून असते. रांगेमुळे होणाऱ्या विलंबासाठी फाइल अडकल्याची तक्रार करून काहीही साधत नाही, आणि आपल्या चुकीला कार्यालयाची चूक म्हटले तर दुरुस्तीचा अर्ज नामंजूर होऊन आणखी काही महिने वाया जातात.

हा लेख मुख्यतः नोकरीच्या आधारे अमेरिकेतच राहून आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. कुटुंबाच्या आधारे अर्ज करून मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेणाऱ्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल. शुल्क आणि नियम बदलत असल्याने प्रत्यक्ष अर्ज करण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरील फॉर्मची आवृत्ती आणि शुल्काची रक्कम पुन्हा पाहावी. जुन्या आवृत्तीचा फॉर्म, चुकीची रक्कम किंवा राहिलेली सही यामुळे अर्ज न तपासताच परत येतो, आणि परत आलेल्या अर्जाला दाखल झाल्याची तारीख मिळत नाही. यूएससीआयएसने २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जांसोबत सर्वसाधारणपणे धनादेश स्वीकारणे बंद केले आहे. कार्डाने पैसे भरायचे असल्यास जी-१४५० आणि बँक खात्यातून भरायचे असल्यास जी-१६५० हा फॉर्म जोडावा लागतो.

भारतातील कागदांपासून सुरुवात

मराठी अर्जदारांच्या अडचणींचे मूळ बहुधा अमेरिकेत नसते. ते गावातील किंवा शहरातील जन्मनोंदीत असते, त्यामुळे प्रायॉरिटी डेटची (रांगेतील आपली जागा ठरवणाऱ्या तारखेची) पाळी जवळ येण्याची वाट न पाहता हे काम दोन-तीन वर्षे आधी हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जन्म प्रमाणपत्रात चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुलाचे नाव आहे का. रुग्णालयातून नोंद झाली तेव्हा बारसे झालेले नसल्याने नावाची जागा रिकामी राहिल्याची उदाहरणे १९७० आणि १९८० च्या दशकांतील प्रमाणपत्रांत सर्रास आढळतात. अशा नोंदीत नाव समाविष्ट करण्यासाठी संबंधित महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे शाळा सोडल्याचा दाखला आणि ओळखीची कागदपत्रे जोडून अर्ज करावा लागतो. दुसरी, आई-वडिलांची पूर्ण नावे. आईचे नाव केवळ "सौ. सुमन" असे असेल, किंवा तिथे माहेरचे आणि पासपोर्टमध्ये सासरचे नाव असेल, तर अधिकारी ती एकच व्यक्ती असल्याचा पुरावा मागू शकतो. तिसरी, जन्मस्थळ. प्रमाणपत्रात तालुक्याचे गाव आणि पासपोर्टमध्ये जिल्ह्याचे शहर, ही तफावत फार आढळते. चौथी, नोंदणीची तारीख. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेल्यावर झालेली नोंद उशिराची नोंद मानली जाते आणि यूएससीआयएस तिच्यासोबत इतर पुरावे मागण्याची शक्यता बरीच असते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे आणि त्याची अंमलबजावणी बहुतांश राज्यांत १ एप्रिल १९७० पासून सुरू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्यांची, आणि ग्रामीण भागात त्यानंतर जन्मलेल्याही अनेकांची, नोंदच सापडत नाही. अशा वेळी घाईने नवी नोंद करून घेण्याकडे लोकांचा कल असतो. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे. हे सर्व करूनही हाती येणारे प्रमाणपत्र उशिराच्या नोंदीचेच असते. म्हणून केवळ ग्रीन कार्डासाठी कागद हवा असेल, तर निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घेणे आणि त्यासोबत दुय्यम पुरावे जोडणे हा मार्ग मला अनेकदा अधिक सरळ वाटतो.

दुय्यम पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा रुग्णालयाची जुनी नोंद यांसारखे त्या काळात तयार झालेले कागद. आपल्याकडील जुन्या शाळांच्या दाखल्यांत विद्यार्थ्याच्या नावातच वडिलांचे नाव येते, परंतु आईचे नाव पुष्कळदा नसते. अमेरिकेच्या दृष्टीने मात्र दोन्ही पालकांची ओळख पटणे आवश्यक असते. ही उणीव प्रतिज्ञापत्रांनी भरून काढावी. जन्माच्या वेळी जाणत्या वयात असलेल्या आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींनी, उदाहरणार्थ मामा, आत्या किंवा मोठे काका यांनी, आपला जन्मदिनांक, पत्ता, अर्जदाराशी असलेले नाते आणि जन्माची माहिती कशी आहे हे लिहून द्यावे. ही माणसे आज हयात आणि प्रवास करू शकणारी असतील तर पुढच्या भारतभेटीतच प्रतिज्ञापत्रे करून घ्यावीत. पाच वर्षांनी ती माणसे उपलब्ध असतीलच असे नाही.

प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत असले तरी शिक्का किंवा समासातील शेरा केवळ मराठीत असतो, आणि नियमानुसार संपूर्ण कागदाचा अनुवाद लागतो. अनुवादक सरकारमान्य असण्याची सक्ती नाही. दोन्ही भाषांवर आपले प्रभुत्व असून अनुवाद पूर्ण व अचूक आहे, असे त्याने सहीनिशी प्रमाणित केले पाहिजे. अर्जदाराने स्वतःच्या कागदांचा अनुवाद स्वतः करू नये. मराठी जाणणारा सहकारी किंवा मित्र हे काम करू शकतो.

नाव, जन्मतारीख आणि जन्मदेश

स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत अमेरिकेच्या फॉर्मांमधील तीन रकान्यांत बसते असे वाटते, परंतु भारतीय पासपोर्टवर दोनच रकाने असतात. तिथे "अमोल वसंत" हे सगळे दिलेल्या नावाच्या जागी असते आणि आडनाव वेगळे. एका फॉर्ममध्ये "वसंत" मधल्या नावात, दुसऱ्यात पहिल्या नावात आणि तिसऱ्यात गाळलेले असे झाले, तर संगणकातील नोंदी जुळत नाहीत आणि पार्श्वभूमी तपासणी लांबू शकते. कुटुंबाने आणि वकिलाने मिळून एकच पद्धत ठरवावी, ती पासपोर्टच्या जवळची असावी आणि आय-१४० (कंपनीचा अर्ज), आय-४८५, आय-७६५ (कामाचा परवाना), आय-१३१ (प्रवासाची परवानगी) या सर्वांत तीच राहावी. आजवर वापरलेली इतर सर्व नावे विचारणारा भाग आय-४८५ मध्ये आहे. त्यात माहेरचे पूर्ण नाव, लग्नानंतर बदललेले पहिले नाव आणि वेगळे स्पेलिंग यांची न लाजता नोंद करावी. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झाला असेल तर त्याची प्रत जोडावी. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" (पहिले नाव अज्ञात) छापले जाते. त्यांनी पासपोर्ट दुरुस्त करून मगच अर्जाकडे वळावे.

तारखांचा घोळ यापेक्षा साधा आणि अधिक धोक्याचा असतो. भारतात ०७/०४ म्हणजे ७ एप्रिल, तर अमेरिकेत ४ जुलै. दिवस बाराच्या आत असेल तर अशी चूक कोणत्याही तपासणीत उघडकीस येत नाही, त्यामुळे अशा जन्मतारखा आणि लग्नाच्या तारखा वकिलाच्या प्रश्नावलीत महिन्याचे नाव अक्षरांत लिहूनच द्याव्यात.

जन्मदेशाच्या रकान्याकडे मात्र लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. रांग नागरिकत्वावर नव्हे, तर जन्मदेशावर ठरते. मस्कत, कुवेत किंवा दुबईत जन्मलेला मराठी अर्जदार भारतीय पासपोर्ट असूनही भारताच्या रांगेत नसतो, आणि पती किंवा पत्नीपैकी एकाचा जन्म अशा देशात झाला असेल तर दुसऱ्यालाही त्या देशाचा लाभ घेता येतो. याउलट, गोव्यात जन्मलेल्याने पुढे पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. जन्मदेश चुकीचा नोंदला गेला तर दहा वर्षांचा फरक पडू शकतो.

पावती हाती आल्यावर

अर्ज स्वीकारला गेला की आय-७९७सी ही सूचना येते. तिच्यावर तीन अक्षरे आणि दहा अंक असा तेरा चिन्हांचा पावती क्रमांक असतो. त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, पत्ता, अर्जाचा प्रकार, प्रायॉरिटी डेट आणि ए-क्रमांक (यूएससीआयएसने दिलेला आपला ओळख क्रमांक) हे सर्व पाठवलेल्या अर्जाच्या प्रतीशी शब्दशः ताडून पाहावे. या टप्प्यावर पकडलेली चूक कार्डावर जात नाही.

टंकलेखनातील चूक असल्यास यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरील ई-रिक्वेस्ट सुविधेत "टायपोग्राफिक एरर" हा पर्याय निवडून विनंती करावी आणि मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवावा. दुसरी संधी बोटांचे ठसे देताना मिळते. तिथे नोंदीतील तपशील तपासून घ्यावेत आणि चूक दिसल्यास पासपोर्ट दाखवून दुरुस्ती मागावी. चूक आपल्या अर्जातच असेल तर मात्र टंकलेखनाची सबब सांगू नये. वकिलामार्फत, योग्य कागद जोडून, कोणत्या पानावरील कोणते उत्तर काय असायला हवे होते हे सांगणारे सहीचे पत्र फाइलमध्ये पाठवावे. जी उत्तरे पात्रतेशी संबंधित आहेत, उदाहरणार्थ पूर्वीची अटक, व्हिसा नाकारला जाणे किंवा परवानगीशिवाय केलेले काम, त्यांतील चूक लक्षात येताच दुरुस्त करणे अत्यावश्यक आहे, कारण नंतर तीच चूक लपवाछपवी म्हणून वाचली जाऊ शकते.

घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे एआर-११ फॉर्मने किंवा ऑनलाइन खात्यातून करता येते, आणि ते घरातील प्रत्येक सदस्यासाठी करावे लागते. पोस्टाला पत्ता बदलून कळवले की झाले, हा गैरसमज महागात पडतो, कारण यूएससीआयएसची पाकिटे नव्या पत्त्यावर वळवण्याऐवजी पोस्ट परत पाठवते.

आरएफई आली तर

अधिक पुरावा मागणारी सूचना म्हणजे आरएफई. ती आल्याने अर्ज धोक्यात आहे असे समजण्याचे कारण नाही, परंतु तिच्या मुदतीबाबत कोणतीही सवलत मिळत नाही. आय-४८५ साठी जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात आणि सूचना टपालाने आली असल्यास अमेरिकेतील अर्जदारांना आणखी तीन दिवस धरले जातात. सूचनेवर छापलेली तारीख हीच अंतिम मानावी, आणि त्या तारखेला उत्तर त्यांच्या हाती पडलेले असले पाहिजे. केवळ पोस्टात टाकलेले असून भागत नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की उत्तर एकदाच देता येते. मागितलेल्या पाच कागदांपैकी तीन आज आणि दोन नंतर असे पाठवले, तर पहिल्या तिनांवरच निर्णय घेण्याची विनंती केली असे मानले जाते. भारतातून एखादा कागद यायला उशीर लागणार असेल तर उरलेले थांबवून ठेवावेत. तो मुदतीत येणारच नसेल, तर तो मिळवण्यासाठी काय काय केले याचा पुरावा, जसे कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच, आणि पर्यायी कागद यांसह उत्तर पाठवावे. आरएफईचे मूळ पान सर्वांत वर ठेवावे, त्यातील प्रत्येक मागणीला त्याच क्रमाने उत्तर द्यावे आणि पाकीट माग काढता येईल अशा सेवेने पाठवावे.

वैद्यकीय तपासणीच्या आय-६९३ फॉर्मवरून पूर्वी फार आरएफई येत असत. २ डिसेंबर २०२४ पासून हा फॉर्म आय-४८५ सोबतच जोडणे बंधनकारक आहे. ११ जून २०२५ पासूनच्या धोरणानुसार तो ज्या अर्जासोबत दिला आहे, तो अर्ज प्रलंबित असेपर्यंतच वैध राहतो. म्हणजे अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला, तर नव्या अर्जासाठी तपासणी पुन्हा करावी लागते.

कार्डावरच चूक असेल तर

कार्ड आले की आनंदाच्या भरात ते पाकिटात ठेवले जाते. त्याआधी पुढील व मागील दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत आणि नाव, जन्मतारीख, जन्मदेश, श्रेणी, "रेसिडेंट सिन्स" तारीख व कार्डाची मुदत तपासावी. ईबी-२ या नोकरीवर आधारित वर्गातून अमेरिकेतच मंजुरी मिळालेल्या मूळ अर्जदाराची श्रेणी ई२६, जोडीदाराची ई२७ आणि मुलांची ई२८ असते. ईबी-३ साठी मूळ अर्जदाराची ई३६ किंवा ई३७, जोडीदाराची ई३९ आणि मुलांची ई३०. "रेसिडेंट सिन्स" तारीख चुकली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी पाच वर्षे चुकीच्या दिवसापासून मोजली जातात, त्यामुळे ही चूक किरकोळ समजू नये.

दुरुस्तीसाठी आय-९० हा फॉर्म आहे, आणि इथेच चूक कोणाची हा प्रश्न पैशाचा होतो. यूएससीआयएसच्या चुकीमुळे कार्डावर अयोग्य माहिती छापली गेली असेल, तर ते कारण निवडावे. तेव्हा शुल्क लागत नाही. योग्य माहिती दाखवणारा पुरावा, म्हणजे आपण पाठवलेल्या आय-४८५ ची प्रत, पासपोर्ट आणि जन्म प्रमाणपत्र, जोडावा. चुकीचे मूळ कार्ड परत द्यावे लागते, म्हणून आधी काढलेले फोटो उपयोगी पडतात. चूक आपल्याच अर्जात होती किंवा नाव नंतर कायदेशीररीत्या बदलले, तर शुल्क भरावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ते ऑनलाइन ४१५ डॉलर आणि कागदी अर्जासाठी ४६५ डॉलर आहे.

लग्नाच्या आधारे मुंबईहून व्हिसा घेऊन येणाऱ्यांत एक विशिष्ट चूक आढळते. व्हिसा दिला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतात, म्हणून त्यावर सीआर१ (सशर्त श्रेणी) लिहिलेले असते, परंतु अमेरिकेत प्रवेश करेपर्यंत दोन वर्षे पूर्ण होतात. प्रवेशाच्या दिवशीची स्थिती ग्राह्य असल्याने अशा व्यक्तीला आयआर१ श्रेणी आणि दहा वर्षांचे कार्ड मिळायला हवे. विमानतळावरील अधिकाऱ्याला लग्नाचे प्रमाणपत्र दाखवून तेथेच दुरुस्ती मागावी. तरीही दोन वर्षांचे सशर्त कार्ड आले, तर वरील कारणासह आय-९० भरावा. हे न केल्यास पुढे अटी काढून टाकण्याच्या आय-७५१ ची संपूर्ण प्रक्रिया विनाकारण करावी लागते.

कार्ड आलेच नाही तर

मुंबईहून व्हिसा घेऊन आलेल्यांनी प्रथम पाहावे की यूएससीआयएसचे २३५ डॉलरचे इमिग्रंट शुल्क भरले आहे का, कारण ते भरल्याशिवाय कार्ड छापलेच जात नाही. इतरांनी केस स्टेटसमध्ये दिसणारा टपाल क्रमांक तपासावा. कार्ड परत गेल्याचे दिसले तर थांबू नये: २०१८ पासूनच्या धोरणानुसार परत आलेले कार्ड ६० कामकाजाच्या दिवसांत कोणी संपर्क न साधल्यास नष्ट केले जाते. ई-रिक्वेस्टमध्ये "कार्ड मिळाले नाही" हा पर्याय निवडून योग्य पत्त्यावर पुन्हा पाठवण्याची मागणी करावी. टपाल खात्याच्या नोंदीत कार्ड पोचलेले दिसते पण हाती आलेले नाही, अशा वेळी टपाल कार्यालयात लेखी चौकशी करून त्याची प्रत ठेवावी. पुढे बहुधा शुल्कासह आय-९० भरावा लागतो. तोपर्यंत प्रवासासाठी किंवा नोकरीसाठी पुरावा हवा असल्यास १-८००-३७५-५२८३ या क्रमांकावर संपर्क केंद्राकडे आय-५५१ शिक्क्याची (कायम वास्तव्याच्या तात्पुरत्या पुराव्याची) मागणी करावी.

विलंब रांगेचा की फाइलचा

नोकरीच्या आधारे वर्षाला किमान १,४०,००० व्हिसा क्रमांक उपलब्ध असतात आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. ईबी-२ मध्ये भारताच्या वाट्याला सामान्यतः सुमारे २,८०० क्रमांक येतात, आणि त्यांत जोडीदार व मुलेही मोजली जातात. म्हणून २०२५ च्या अखेरीस भारताची ईबी-२ ची रांग २०१३ सालच्या तारखांपाशी होती. परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमधील "फायनल अ‍ॅक्शन डेट" आपल्या प्रायॉरिटी डेटच्या पुढे गेलेली नसेल तर अर्ज मंजूर करण्याचा अधिकारच अधिकाऱ्याला नसतो. बुलेटिनमधील अर्ज करता येण्याच्या तारखांच्या दुसऱ्या तक्त्यानुसार आय-४८५ दाखल करू दिले गेले असले, किंवा दाखल केल्यानंतर तारीख मागे सरकली असली, तरीही हेच लागू होते. अशा वेळी तक्रार, खासदारांचे पत्र किंवा न्यायालय यांपैकी कशाचाही उपयोग नाही आणि त्यासाठी पैसे मागणाऱ्या सल्लागारांपासून दूर राहावे.

रांगेत थांबताना मात्र स्वतःची बाजू भक्कम ठेवता येते. शक्य असेल तोवर एच-१बी सोडू नये. आय-४८५ नाकारला गेला तर तोच आधार उरतो. ईएडीचे (कामाच्या परवान्याचे) नूतनीकरण मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येते, आणि ते पहिल्याच दिवशी करावे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर दाखल केलेल्या बहुतांश नूतनीकरण अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे उशीर झाल्यास काम थांबवावे लागते. एच किंवा एल व्हिसावर नसलेल्यांनी अ‍ॅडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) मंजूर होण्यापूर्वी देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असे मानले जाते. घरी कोणी गंभीर आजारी असेल तर परोलसाठी तातडीची विनंती करता येते. नोकरी बदलायची असल्यास आय-१४० मंजूर आणि आय-४८५ किमान १८० दिवस प्रलंबित असावा, नवे काम त्याच किंवा तत्सम स्वरूपाचे असावे, आणि आय-४८५ चे सप्लिमेंट जे (नव्या नोकरीची माहिती देणारा फॉर्म) भरून द्यावे.

मुलांचे वय हा या विलंबातील सर्वांत वेदनादायक भाग आहे. २१ वर्षे पूर्ण झालेले मूल आश्रित म्हणून गणले जात नाही. कायद्यानुसार त्याच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा होतात, परंतु वय कोणत्या दिवशी गोठते याचा नियम बदलला आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी हा दिवस "फायनल अ‍ॅक्शन डेट"च्या तक्त्यावरून ठरतो. त्यापूर्वी अर्ज करता येण्याच्या तारखेचाही लाभ मिळत असे. मूल सतरा-अठरा वर्षांचे असेल तर ही आकडेमोड वकिलाकडून लेखी करून घ्यावी आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा विचार आताच सुरू करावा.

फाइल अडकली असेल तेव्हा

तारीख चालू आहे, आरएफई नाही, तरीही निर्णय येत नाही, तर तो फाइलचा विलंब. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर आपला फॉर्म, श्रेणी आणि कार्यालय निवडून प्रक्रियेचा काळ पाहावा. तिथे दाखवलेला काळ म्हणजे ८० टक्के प्रकरणे जितक्या वेळात निकाली निघाली तो. त्याच पानावर पावतीची तारीख टाकल्यावर चौकशी केव्हापासून करता येईल ते कळते. त्या दिवसाआधी केलेली चौकशी वाया जाते.

तो दिवस उलटला की क्रमाने वर जावे. प्रथम ई-रिक्वेस्ट. तिचे उत्तर पुष्कळदा साचेबद्ध येते, पण पुढील पायरीसाठी ती नोंद लागते. त्यानंतर संपर्क केंद्रात फोन करून अधिकाऱ्याशी बोलणे मागावे. नुसते "केस कुठे आहे" असे विचारू नये. ठसे दिले गेले आहेत का, वैद्यकीय फॉर्म फाइलमध्ये आहे का, फाइल कोणत्या कार्यालयात आहे, असे नेमके प्रश्न विचारावेत. दर संभाषणाची तारीख व संदर्भ क्रमांक एका वहीत लिहावा. त्यानंतर आपल्या मतदारसंघातील प्रतिनिधीगृहाच्या सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. मतदार असण्याची अट नसते, तिथे राहणे पुरेसे असते. त्यांच्या संकेतस्थळावरील गोपनीयतेचा संमती फॉर्म भरून, एका पानात घटनाक्रम जोडून द्यावा. हरवलेली फाइल किंवा विसरलेला वैद्यकीय फॉर्म अशा अडचणी या मार्गाने खरोखर सुटतात, म्हणून संकोच करू नये.

याच सुमारास माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली, म्हणजे फोयाखाली, आपल्या ए-फाइलची (यूएससीआयएसकडील आपल्या संपूर्ण फाइलची) प्रत ऑनलाइन मागवावी. तिच्यावरून फाइलमध्ये काय आहे आणि काय नाही हे कळते.

शेवटचा मार्ग संघीय जिल्हा न्यायालयात मँडेमस, म्हणजे कार्यालयाला निर्णय घ्यायला लावण्याचा, दावा दाखल करण्याचा. त्याचे न्यायालयीन शुल्क ४०५ डॉलर आहे, वकिलाचा खर्च त्याहून कितीतरी अधिक. दाव्याची नोटीस सरकारी वकिलाला मिळाल्यापासून सरकारला उत्तरासाठी ६० दिवस असतात आणि त्या काळात अनेक प्रकरणांत निर्णय येतो. परंतु न्यायालय निर्णय घ्यायला सांगू शकते, मंजुरी द्यायला नाही. विलंब अवाजवी आहे का हे ठरवताना बहुतेक न्यायाधीश १९८४ च्या एका अपील निकालातील निकष वापरतात, आणि रांगेतील इतरांच्या पुढे जाण्याची मागणी वाटली तर दावा फेटाळतात. फाइलमध्ये काही कच्चा दुवा असेल, उदाहरणार्थ पगाराशिवाय गेलेला काळ किंवा परवानगीशिवाय केलेले काम, तर दावा करण्यापूर्वी स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचे मत घ्यावे. कंपनीचा वकील कंपनीचेही हित पाहत असतो.

निर्णय नकाराचा आला आणि तो चुकीच्या वाचनावर आधारलेला असेल, जसे मुदतीत दिलेले आरएफईचे उत्तर फाइलला लागलेच नाही, तर आय-२९०बी हा फेरविचाराच्या मागणीचा फॉर्म ३० दिवसांत, आणि निर्णय टपालाने आला असल्यास ३३ दिवसांत, दाखल करावा लागतो. उत्तर पोचल्याची टपालाची पावती, पाठवलेल्या संपूर्ण संचाची प्रत आणि वहीतील संदर्भ क्रमांक त्यासोबत जोडावेत.